घरातली लाकडी जमीन कशी राखावी

लाकडी जमीन बिघडते ती मुख्यतः दोन गोष्टींनी: रोजच्या ओल्या फडक्याने आणि पायाखाली येणाऱ्या बारीक वाळूने. आपल्याकडची घरं लादीची, त्यामुळे बादलीभर पाण्यात झाकणभर फिनाईल टाकायचं आणि निथळत्या फडक्याने पुसून काढायचं, हे हाताला बसलेलं असतं. लादीला त्याने काही होत नाही. लाकडावर मात्र ते पाणी फळ्यांच्या सांध्यांत उतरतं. वरून जमीन पाच मिनिटांत वाळलेली दिसते, पण खालची बाजू ते पाणी पिऊन बसते. असं वर्षभर झालं की फळ्यांच्या कडा उचलल्या जातात आणि सांध्यांच्या रेषा काळ्या पडू लागतात. मग दोष लाकडाला दिला जातो.

लाकूड नेमकं काय करतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. लाकूड हवेतल्या दमटपणाशी सतत जुळवून घेत असतं. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातलं पाणी सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता ८० टक्के झाली की ते १६ टक्क्यांच्या आसपास जातं आणि ३० टक्क्यांच्या कोरड्या हवेत ६ टक्क्यांवर येतं. या चढउतारात फळीची लांबी जवळजवळ बदलत नाही, रुंदी बदलते. साध्या चिरणीची, म्हणजे ओंडका सरळ चिरून काढलेली, १२५ मिलिमीटर रुंद रेड ओकची (परदेशी लाकडाची) फळी चार टक्के जास्त पाणी प्यायली, तर सुमारे १.८ मिलिमीटर रुंदावू पाहते. तेवढ्याच रुंदीचा साग १ मिलिमीटरच्या आत राहतो. तीन मीटरच्या खोलीत अशा २४ फळ्या बसतात. ओकच्या बाबतीत ही सगळी वाढ एकत्र केली तर चार सेंटिमीटरच्या वर जाते. खिळे आणि गोंद तिला बरंचसं अडवतात, पण आतला जोर तसाच राहतो. भिंतीलगत स्कर्टिंगखाली १० ते १२ मिलिमीटरची फट सोडलेली असते ती यासाठीच. काही घरांत ही फट नीट दिसत नाही म्हणून सिमेंट किंवा पुट्टीने भरून टाकतात आणि पुढच्या जुलैत खोलीच्या मधोमध जमीन तंबूसारखी वर येते. ती फट कधीही भरू नका.

आधी आपली जमीन ओळखा

दाराखालची धातूची पट्टी किंवा स्कर्टिंगचा एखादा तुकडा काढून फळीची कड पाहा. वरपासून खालपर्यंत एकच लाकूड दिसलं तर ती अखंड फळी. जाडी बहुधा १८ ते २० मिलिमीटर असते. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायचे आडवे-उभे पदर दिसले तर ती इंजिनिअर्ड वुड. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हल्ली हीच जास्त आढळते, कारण उलटसुलट पदरांमुळे ती कमी हलते आणि स्लॅबवर थेट चिकटवता येते. तिचा वरचा थर किती जाड आहे हे पट्टीने मोजून लिहून ठेवा, कारण पुढे जमीन घासता येईल की नाही हे त्यावर ठरतं. हा थर ०.६ मिलिमीटर असेल तर मशीनने घासायचा विचारही करू नका; ३ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर एक-दोनदा घासता येईल. एका पूर्ण घासाईत साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर लाकूड जातं. कडेला भुशाचा दाबलेला बोर्ड दिसला आणि एकच गाठ, एकच नक्षी दर चार-सहा फळ्यांनी पुन्हा येत असली, तर ते लॅमिनेट आहे. वर छापील कागद असतो, तो घासता येत नाही. रोजच्या साफसफाईच्या सूचना त्यालाही लागू आहेत. पॉलिशचा भाग सोडून द्या.

लाकडाच्या जातीबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. साग टिकाऊ आहे, वाळवीला दाद देत नाही, कमी फुगतो, हे सगळं खरं. पण तो फार कठीण नाही. कठीणपणाच्या जान्का मोजमापात साग सुमारे १०७०, रेड ओक १२९० आणि ब्राझीलचा जटोबा २३०० च्या वर. त्यामुळे साग बर्मा असो वा सी.पी. (म्हणजे मध्य भारतातला), त्याच्या जमिनीवर खुर्चीचा उघडा पाय किंवा सिलिंडरची कड खोच पाडणारच.

लाकडाइतकंच महत्त्वाचं त्यावर काय लावलंय ते. कपाटामागचा, कुणाच्या नजरेत न येणारा कोपरा निवडा. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने तिथे चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी चिकटा आला तर मेण आहे. दुसऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाकून मिनिटभराने बोट लावा. चिकट झालं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने नाही, पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही आणि पृष्ठभागावर पातळ, काचेसारखा थर जाणवला तर बहुधा पॉलियुरेथेन, म्हणजे आपल्या पॉलिशवाल्यांचं ‘पीयू’. थरच जाणवत नाही, हाताला लाकडाच्या रेषा लागतात, तर तेल किंवा तेल-मेणाचं मिश्रण मुरवलेलं आहे.

आता पाण्याची परीक्षा. रोजच्या वापराच्या वाटेवर, म्हणजे दारापासून सोफ्यापर्यंतच्या पट्ट्यात, पाण्याचा एक थेंब ठेवा. दहा मिनिटांनी तो तसाच गोल उभा असेल तर थर शाबूत आहे. थेंब पसरला आणि खालचं लाकूड काळपट झालं तर तिथला थर संपला आहे. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी करा. नवा हात कधी द्यायचा हे कॅलेंडरवरून ठरवण्यापेक्षा थेंबावरून ठरवलेलं बरं.

रोजचा केर आणि फडकं

रस्त्यावरची धूळ, शेजारच्या बांधकामाची वाळू, कुंडीतली माती यांत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पॉलिशपेक्षा कितीतरी कठीण असतात. चपला बाहेर काढायची आपली रीत इथे मोठी कामाची आहे. त्यात भर म्हणून दाराबाहेर काथ्याचं खरखरीत पायपुसणं आणि दाराच्या आत सुती, असं दुहेरी ठेवा. आतलं पायपुसणं रबराच्या किंवा पीव्हीसीच्या पाठीचं नको. त्यातली रसायनं पॉलिशमध्ये उतरून पिवळा चौकोन पाडतात आणि तो निघत नाही.

केर रोज कोरडाच काढायचा, मऊ झाडूने किंवा कोरड्या मायक्रोफायबरने. व्हॅक्युम वापरत असाल तर फिरता ब्रश बंद करा आणि केसांचं मऊ तोंड लावा. चाकांत खडा अडकलेला नाही ना, हे उलटं करून पाहा. जमिनीवरच्या लांबलचक समांतर चऱ्यांचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ओलसर पुसणं आठवड्यातून एकदा पुरे. वर्दळ कमी असेल तर पंधरा दिवसांनी. बादली या कामाला नकोच. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि लाकडी जमिनीसाठीचा उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, क्लीनर घ्या. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या वर जाऊ नका. शंभर चौरस फुटांच्या खोलीला साधारण ५० मिलिलिटर मिश्रण पुरतं. ते जमिनीवर न मारता सपाट मायक्रोफायबर मॉपच्या पॅडवर मारा आणि फळ्यांच्या लांबीच्या दिशेने पुसत जा. पुसलेल्या जागेवरचा ओलावा एका मिनिटात उडाला पाहिजे. दोन मिनिटांनीही चमकत असेल तर पॅड जास्त ओलं आहे. पॅड काळं झालं की बदला, नाहीतर तोच चिखल पुढच्या खोलीत पसरतो.

घरकामाला येणाऱ्या ताईंना हे सगळं एकदा स्वतः करून दाखवा आणि लाकडी खोलीचा मॉप वेगळ्या रंगाचा, वेगळ्या खुंटीला ठेवा. नुसतं ‘कमी पाणी घ्या’ म्हटल्याने भागत नाही, कारण कमी म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ‘पिळून मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये’ हे माप सांगा.

काय वापरू नये याची कारणं वेगवेगळी आहेत. फिनाईल आणि साबणाचं पाणी मागे चिकट पापुद्रा ठेवतं. त्यावर धूळ बसते, जमीन मळकट दिसते, म्हणून अजून फिनाईल टाकलं जातं. व्हिनेगर किंवा लिंबाचं आम्ल सतत लावत गेलं की पॉलिशची चकाकी मरते. ब्लीच लाकडाचा रंग काढतं. वाफेचा मॉप तर सगळ्यात वाईट: गरम वाफ दाबाने सांध्यांत शिरते आणि इंजिनिअर्ड फळीचा गोंद सोडवते. ‘एका फवाऱ्यात आरशासारखी चमक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनच्या पॉलिशचा त्रास लगेच दिसत नाही. दोन-तीन वर्षांनी नवा पीयू लावायला गेलं की तो त्या जागी धरत नाही, गोल गोल खळगे पडतात. पीयूवर मेण लावल्यानेही तेच होतं. काही घरांत आठवड्यातून एकदा मिठाच्या पाण्याने जमीन पुसतात. लाकडी खोलीत ते उंबरठ्याच्या दगडापुरतं ठेवा, कारण सांध्यांत सुकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि जुन्या फळ्यांचे लोखंडी खिळे गंजवतं.

सणासुदीला रांगोळीची एक गोष्ट लक्षात घ्या. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती लाकडावर थेट काढून पावलांनी पसरली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखी जमीन धुरकट होते. पाटावर, ताटात किंवा प्लायच्या तुकड्यावर काढा, आणि उचलताना झाडूऐवजी व्हॅक्युम वापरा. समईखाली कड असलेलं तबक हवं. त्यातही तेल ओसंडून फळीवर मुरलं तर काढणं जिकिरीचं होतं. गणपतीच्या मखराशेजारी कलश, फुलांची परडी, ओली पत्री दीड दिवस किंवा दहा दिवस एकाच जागी असतात. त्यांच्याखाली प्लास्टिक अंथरू नका, ओल त्याखाली कोंडते. उंच पायांचा पाट ठेवा, खालून हवा खेळू द्या.

वर्षभराची हवा

या विषयावरचा बहुतेक सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे हिवाळ्यात हीटर लागतो, हवा कोरडी पडते आणि जानेवारीत फळ्यांमध्ये फटी दिसतात. न्यू जर्सी किंवा शिकागोत राहणाऱ्यांना तो जसाच्या तसा लागू आहे. महाराष्ट्रात गणित वेगळं. पुणे, नाशिक, नागपूरकडे लाकूड सगळ्यात जास्त सुकतं ते मार्च ते मे, आणि सगळीकडेच सगळ्यात जास्त फुगतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत उन्हाळाही दमटच, त्यामुळे तिथे फटींपेक्षा फुगण्याची काळजी जास्त.

काही शेकड्यांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक त्या खोलीत ठेवा, जमिनीपासून फूटभर उंचीवर, खिडकी आणि एसीच्या झोतापासून दूर. ३५ ते ५५ टक्के ही लाकडाला मानवणारी पातळी. भर पावसाळ्यात ती गाठणं अवघड असतं, पण ६५ च्या आत राखलं तरी जमीन सुखरूप राहते. ७० च्या वर आठवडाभर राहिलं तर हालचाल करा. एसीचा ड्राय मोड रोज तीन-चार तास, किंवा डीह्युमिडिफायर. पंखा फक्त हवा फिरवतो, ओल कमी करत नाही. झडीच्या दिवशी ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या तर बाहेरची ओल आत येते. उघडीप पडली की दुपारी उघडा, संध्याकाळी मिटा.

विदर्भात कूलरचा प्रश्न वेगळाच आहे. सगळं घर कोरडंठाक आणि कूलरसमोरच्या सहा-आठ फळ्या तेवढ्या ओल्या झोतात. तिथेच कडा उचलतात. कूलरचं तोंड जमिनीपासून वर, भिंतीच्या मध्याकडे वळवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा साठत नाही.

लोणावळा, महाबळेश्वर, कोकण अशा ठिकाणचं बंद राहणारं घर पावसाळ्यात सगळ्यात जास्त सोसतं. कपाटात ठेवतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या खोलीला पुरत नाहीत. डीह्युमिडिफायरची नळी थेट मोरीत सोडून तो ६० टक्क्यांवर लावून ठेवा. ते शक्य नसेल तर गालिचे गुंडाळून वर ठेवा, फर्निचर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि गावातल्या कुणाला तरी उघडिपीच्या दिवशी घर उघडायला सांगा.

फळीच्या कडा वर आणि मध्य खाली गेला असेल तर खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे, एवढं नक्की समजा. अशा वेळी घाई करून जमीन घासून सपाट करू नका. ओल निघून गेल्यावर कडा आपोआप खाली बसतात, आणि तुम्ही त्या आधीच घासून टाकल्या असतील तर आता मधला भाग फुगीर राहतो. तो कायमचा. ओलीचं कारण शोधा, बंद करा, दोन-तीन महिने सुकू द्या, मगच पुढचं ठरवा.

फ्लॅटमध्ये ही ओल कुठून येते? बहुतेकदा बाथरूमच्या भिंतीतून किंवा उंबऱ्याखालून. बाथरूमच्या दाराजवळच्या फळ्यांची टोकं काळी पडू लागली की पॉलिश बिघडलं असं न समजता वॉटरप्रूफिंग तपासून घ्या. दुसरी जागा म्हणजे एसीचा ड्रेन पाइप: तो तुंबला की पाणी भिंतीच्या आतून उतरून स्कर्टिंगमागे साचतं. तिसरी, बाल्कनीच्या सरकत्या दाराची पन्हळ. तिला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात. मे महिन्याच्या शेवटी ती खराट्याच्या काडीने मोकळी करा आणि पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जातंय ना, ते डोळ्यांनी पाहा.

डाग

सांडलेलं काहीही लगेच टिपून घ्या, पुसू नका. पुसण्याने ते सांध्याकडे ढकललं जातं. शाबूत पीयूवरचे बहुतेक डाग वरच राहतात. हळदीचा पिवळा डाग क्लीनरने फिका करा आणि उरलेला उन्हाच्या कवडशात राहू द्या, हळदीचा रंग उजेडात उडतो. मेणबत्तीचं मेण बर्फ ठेवून कडक करा आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने उचला. तेल मुरलं असेल तर टाल्कम पावडरचा जाड थर रात्रभर ठेवून सकाळी झाडा, दोन-तीनदा करा. फ्रेंच पॉलिश किंवा मेणावर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उठलं, तर ती पॉलिशमध्ये अडकलेली वाफ आहे. मऊ फडक्यावर किंचित स्पिरिट घेऊन वरच्यावर एकदाच फिरवलं की लाखेवरचं वर्तुळ बहुधा जातं. जास्त घासलं तर लाखच निघते.

काळा डाग वेगळ्या जातीचा. ओल्या कुंडीची लोखंडी तिवई, गंजका खिळा, स्टीलच्या पिंपाची ओली कड अशा ठिकाणी लोह आणि लाकडातलं टॅनिन एकत्र येऊन शाईसारखा निळा-काळा रंग तयार होतो. तो घासून जात नाही, कारण तो लाकडाच्या आत उतरलेला असतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. संगमरवर पॉलिश करणाऱ्यांकडे आणि रंगाच्या दुकानात त्याचे पांढरे खडे मिळतात. ते विषारी आहे: हातमोजे, चष्मा, मास्क, आणि मुलं-जनावरं दुसऱ्या खोलीत.

डागाचीच नव्हे, ती पूर्ण फळी कडेपर्यंत १०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढा. फक्त डागावर काम केलं तर नंतर फिकट ठिपका दिसतो. एक लिटर गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम खडे प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा, धातूचं भांडं घेऊ नका. ब्रशने फळीभर लावा आणि वीस मिनिटं थांबा. डाग काळ्याचा राखाडी आणि मग तपकिरी होत जाताना दिसतो. राहिला तर पुन्हा एक हात. मग साध्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा, लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून एकदा, आणि पुन्हा साध्या पाण्याने. खडे लाकडावर सुकून राहिले आणि तुम्ही कोरडं घासलंत तर ती पूड नाका-घशात आग करते, म्हणून हे धुणं टाळू नका. किमान तीन दिवस सुकू द्या, मगच पॉलिश.

ओरखडे, फर्निचर, ऊन

खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याचे, म्हणजे फेल्टचे, जाड तुकडे लावा. फक्त लावून विसरलात तर त्यांत वाळू रुतते आणि तेच कानस होतात. दर दोन-तीन महिन्यांनी उलटून पाहा, चपटे झाले की बदला. चाकांच्या ऑफिस खुर्चीला मऊ रबरी पृष्ठभागाची रुंद चाकं बसवून घ्या. कडक नायलॉनची चाकं एका वर्षात पीयू खातात. फ्रीज, कपाट हलवताना खाली जुनी सतरंजी घालून ती ओढा.

नखाने जाणवत नाही असा चरा फक्त पॉलिशमध्ये आहे, पुढच्या हातात तो जाईल. नख अडकतं तो लाकडात उतरलेला. त्यावर जुळत्या रंगाचं मेणाचं कांडं घासा आणि फडक्याने सपाट करा. पण लवकरच पीयूचा हात द्यायचा असेल तर मेण अजिबात नको. वजनाने पडलेला खोलगट खळगा बऱ्याचदा उठवता येतो, पण तिथला थर फुटलेला असेल किंवा आधी काढला असेल तरच. ओलसर सुती फडकं खळग्यावर ठेवा आणि मध्यम गरम इस्त्रीचं टोक पाच-सहा सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. एका वेळी नाही झालं तर दोन-तीनदा, पण इस्त्री रेंगाळू देऊ नका.

साग ताजा असताना ठिकठिकाणी वेगळ्या रंगाचा दिसतो आणि उजेडात काही आठवड्यांत एकसारखा सोनेरी होतो. अक्रोड उलट फिका पडतो. म्हणून नव्या जमिनीवर पहिले सहा महिने गालिचा एका जागी ठेवू नका.

नवा हात

पाण्याचा थेंब मुरायला लागण्याच्या जरा आधी, म्हणजे चकाकी गेली आहे पण लाकूड उघडं पडलेलं नाही अशा वेळी, पीयूवर पीयूचा एक नवा हात दिला तर पूर्ण घासाईची वेळ अनेक वर्षं पुढे जाते. वर्दळीच्या खोलीत ही पाळी साधारण तीन ते पाच वर्षांनी येते. हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात नको: दमट हवेत पाण्यावर आधारित पीयू नीट सुकत नाही, ढगाळ राहतो. मेलामाइनचं पॉलिश फर्निचरला चालतं, जमिनीला नको. ते ठिसूळ असल्याने फळ्या हलल्या की सांध्यांवर तडकतं.

1. आधी कोपऱ्यात फूटभर जागेवर चाचणी घ्या: १५० नंबरने घासा, हात द्या, दुसऱ्या दिवशी नाण्याच्या कडेने खरवडा. पापुद्रा निघाला तर खाली मेण किंवा सिलिकॉन आहे, आणि मग पूर्ण घासाईशिवाय इलाज नाही.
2. खोली रिकामी करून क्लीनरने दोनदा पुसा. सुकल्यावर १२० ते १५० नंबरची जाळी लावलेल्या बफिंग मशीनने चकाकी सगळीकडे सारखी मारा. कडा आणि कोपरे हाताने. एक जरी चमकता ठिपका राहिला तर तिथला थर पुढे सोलवटतो.
3. व्हॅक्युम करा, मग किंचित ओलसर मायक्रोफायबरने धूळ टिपा. पंखे बंद करा.
4. पीयू हलवताना डबा हिंदकळू नका, बुडबुडे येतात. काडीने तळापासून सावकाश ढवळा. एका लिटरमध्ये साधारण १० ते १२ चौरस मीटर होतात.
5. भिंतीलगत ब्रशने, बाकी रोलरने, फळ्यांच्या दिशेने, दाराकडे मागे येत. आधीची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडा. सुकत आलेल्या जागी परत रोलर फिरवू नका, तो ठसा राहतो.
6. चोवीस तासांनी मोज्यांत चालता येतं, तीन दिवसांनी फर्निचर उचलून ठेवता येतं, गालिचा दोन आठवड्यांनी. डब्यावर याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तोच पाळा.

तेल मुरवलेल्या जमिनीचं काम सोपं आणि जास्त वेळा करायचं. वर्षातून एकदा, वाटेच्या पट्ट्यात तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्यायचं. ते न पुसल्यास चिकट राहतं. जवसाच्या किंवा तत्सम सुकणाऱ्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधीही कचऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते, ती बोळ्यात साठते आणि काही तासांत चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा किंवा गच्चीत एकेक पसरून कडक होऊ द्या.

पूर्ण घासाई जाणकाराकडूनच करून घ्या, पण काय विचारायचं ते ठाऊक असावं. ४० नंबरपासून सुरुवात, मग ६०, ८०, १०० किंवा १२०. मधला टप्पा गाळला तर आधीच्या खोल रेषा पॉलिशनंतर उठून दिसतात. खिळ्यांची डोकी पंचने दोन-तीन मिलिमीटर खाली ठोकून घ्यायला लावा. हातातला डिस्क ग्राइंडर जमिनीवर फिरवू देऊ नका, त्याचे गोल ओरखडे खिडकीच्या उजेडात आयुष्यभर दिसतात. घासलेल्या सागावर त्याचं तेल वर येतं, म्हणून हात देण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून लगेच काम सुरू करावं. भुसा भरलेली मशीनची पिशवी रात्री घरात ठेवू नये, तीही धुमसते.

जुन्या माडीची तक्तपोशी

कडीपाटाच्या जुन्या घरांत फळ्या थेट कड्यांवर ठोकलेल्या असतात आणि खालून हवा खेळते, त्यामुळे त्या फुगल्या तरी बहुतेक सावरतात. तिथली तक्रार आवाजाची आणि फटींची. पाय पडला की करकरणारी फळी खिळ्यावर वर-खाली होत असते. खिळ्यांची रांग पाहा, कडी नेमकी तिच्याखाली असते. तिथे आधी बारीक भोक पाडून २५ मिलिमीटरच्या फळीला ६० मिलिमीटरचा स्क्रू कडीत घट्ट करा आणि डोकं खाली बसवून सागाच्या बुचाने झाका. खालून पोहोचता येत असेल तर कडी आणि फळीमधल्या पोकळीत गोंद लावलेली पातळ पाचर हाताने सरकवा. हातोड्याने ठोकलीत तर फळी उचलली जाऊन नवा आवाज सुरू होतो. दोन फळ्या एकमेकींवर घासत असतील तर सांध्यात टाल्कम पावडर झाडून पुरतं.

हंगामी फटी बुजवू नका. मे महिन्यात घट्ट भरलेला मसाला जुलैत फळ्या फुगल्या की चुरा होऊन बाहेर येतो. बारा महिने राहणाऱ्या, पाच मिलिमीटरहून रुंद फटीत जुन्याच सागाची निमुळती पट्टी बसवा आणि गोंद तिच्या एकाच बाजूला लावा, म्हणजे दुसरी फळी मोकळी हलते.

कीड ओळखायला टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर पुरे. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून कडीकडे चढलेल्या दिसल्या तर वाळवी. तिचं मूळ जमिनीत किंवा भिंतीत असतं, म्हणून नुसत्या फळीवर औषध मारून भागत नाही. भिंतीच्या पायाशी भोकं पाडून औषध सोडणारा परवानाधारक माणूस बोलवा. मैद्यासारखी पूड आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर भुंगा. तो सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही, बाहेरच्या पांढुरक्या भागात शिरतो, आणि स्वस्तातल्या फळ्यांमध्ये हाच भाग जास्त असतो. स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा: टोक आत धसलं तर फळी बदला. लाकूड घट्ट असेल तर पॉलिश काढून बोरॉनचं औषध दोन हात मुरवा, भोकं मेणाने बुजवा आणि फळीखाली काळा कागद पसरून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात कागदावर ताजी पूड पडली तर कीड अजून जिवंत आहे, आणि त्या फळीला पुन्हा औषध द्यावं लागेल.